धार शिल्लक असताना

खरं तर यायचे होते तिचे वरिष्ठ. पण त्यांना ताप भरला आणि भंगाराच्या कारखान्यात ती आली. लोखंड कापणाऱ्या तिथल्या अजस्र कातरीची पाती तिच्या कंपनीची. एका पात्याला चार धारा. एक बोथट झाली की पातं फिरवायचं आणि दुसरी पुढे आणायची, हेच तिचं काम. कातर चालवणारा तरुण बाजूला उभा राहून बघत होता. पात्याकडे कमी, तिच्याकडे जास्त!

"हात सांभाळा हं... फार धार आहे."

"मला सांगताय?" ती हसली, आणि त्याचं जे व्हायचं ते झालं.

मग त्याचे फोन सुरू झाले. धार गेली... पुन्हा गेली. वरच्या-खालच्या पात्यांत कागदाएवढी फट ठेवायची असते. ती मोजताना तो बॅटरी धरायचा, आणि दोघांची डोकी उगाचच जवळ यायची. तीही हल्ली निघताना आरशात दोनदा बघू लागली होती.

पण एके दिवशी पातं खाली उतरवून तिनं धार तपासली आणि तिचा चेहरा पडला. "ही तर ठणठणीत आहे!"

"मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते राहू द्या. तुमचे साहेब आमची पाती बंद करताहेत. टिकत नाहीत म्हणे, बसवणारीचाच हात कच्चा! माझी नोकरी जाईल हो..." तिचे डोळे भरले. राग होताच, पण यानंच असं करावं, याचं वाईट जास्त वाटलं.

तो पांढराफटक पडला. तसाच, तेलकट हातांनी साहेबांच्या केबिनमध्ये शिरला. ती मागोमाग दारापर्यंत गेली.

"साहेब, पाती उत्तम आहेत. बसवलीतही उत्तम. त्या याव्यात म्हणून मीच खोटं बोललो. मला त्या... फार आवडतात. माझा पगार कापा, पण पाती बदलू नका."

साहेबांनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे बघितलं, मग दाराकडे. "पाती राहतील," ते म्हणाले. "आणि पगार कापीनच."

तो वळला आणि तिला बघून जागीच थिजला.

"सगळं... ऐकलंत?"

"साहेबांना सांगितलंत ते ऐकलं." तिनं आपला रुमाल त्याच्या हातात दिला. "मला अजून कुणी काही सांगितलेलं नाही."

तो नुसता हात पुसत राहिला.

"सांग ना," ती हळूच म्हणाली. 'तुम्ही' तिनं आता सोडून दिलं होतं.

"अरे, सांग की!" आतून साहेब ओरडले. "मला कामं आहेत!"

मग त्यानं सांगितलं — साहेबांना ऐकू जाणार नाही, इतक्या हळू.