हललेली आखणी

"मॅडम, रंग चुकलाय."

पेण स्टेशनच्या बाकावर रोह्याच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या मृणालीने चमकून वर पाहिलं. कुंचल्यांचा डबा मांडीवर घेतलेला एक तरुण तिच्या लॅपटॉपमध्ये खुशाल डोकावत होता!

"हा फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष आहे," ती फणकारली. "यातून क्ष-किरण येतात. ते डोळ्यांना दिसतच नाहीत. रंग आम्हीच देतो."

"मग नीट द्या की! ही एकच कड एवढी का उजळलीय?"

मृणालीची अख्खी पीएचडी त्याच कडेवर उभी होती. "ताऱ्याच्या स्फोटाची लाट तिथे वायूच्या ढगावर आदळते. ढग इतका तापतो, की... तेजाळतो."

"आणि बाकी ठिकाणी?"

"तिथे आदळायला फारसं काही नाही."

"मग तिथं फिका निळा. कडेला शेंदरी." त्याचं नाव प्रणित. पेणच्या एका कारखान्यात तो गणपतींचे डोळे रंगवायचा.

शेंदरी असा काही खुलला, की पुढच्या रविवारी मृणाली रोह्याजवळच्या वरसेहून, आपल्या घरून, मुद्दाम पेणला गेली. त्याच्या पुढच्याही. आईला सांगायला संशोधनाच्या पोस्टरच्या रंगांचं कारण होतं. पोस्टर केव्हाच पूर्ण झालं होतं, ही गोष्ट वेगळी! शाडूच्या ओल्या वासात ती ताऱ्यांबद्दल बोलायची, तो ऐकत राहायचा... फक्त डोळ्यांची आखणी चालू असताना कुणी बोलायचं नाही, हा कारखान्याचा नियम. ती रेघ एका श्वासात ओढायची असते. प्रणितची रेघ बारा वर्षांत कधी हलली नव्हती.

आज मात्र मृणालीला धीर नव्हता. पुढच्या अभ्यासासाठी मंगळवारी तिचं जर्मनीचं विमान होतं, आणि या बाबाने अजून मनातला एक शब्द काढला नव्हता. आपणच एकटी वेडी झालो की काय, एवढं तिला जाण्याआधी कळायला हवं होतं. त्याने कुंचला टेकवला — आणि ती बोलून गेली.

"मी मंगळवारी चाललेय. तीन वर्षांसाठी."

रेघ हलली.

"काय गो पोरी," शेजारी सोंडा रंगवणारी हौसाकाकी ओरडली, "प्रणितची आखणी चुकवलीस!"

प्रणितचे कान लाल झाले. "पुसून परत करतो," तो पुटपुटला.

"नको ना..." मृणालीचे डोळे भरून आले. "मग माझ्याकडे पुरावा काय राहील?"

त्याने कुंचला खाली ठेवला, आणि पहिल्यांदाच सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"मी इथंच हाय, मृणाली. तुझ्या त्या ढगासारखा. कुठं जात नाय... तू ये आदळायला."

तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

त्या वर्षी वरसेच्या घरी बसलेला गणपती एका डोळ्याने जरा मिश्कील बघत होता. आईला काही केल्या त्याचं कारण कळेना, आणि व्हिडिओ कॉलवर मृणाली नुसतीच हसत होती.