दोन शेड, एक खाद्य

मार्च महिन्यातील शेवटच्या शुक्रवारी, दुपारी बारा वाजता, एका कुक्कुटपालन केंद्राच्या लोखंडी फाटकाला पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी आतून सरकारी कुलूप घातले आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. त्या क्षणी आत सहा माणसे होती. त्यांपैकी खासगी गुप्तहेर आणि त्याचा मेहुणा जेमतेम घटकाभरापूर्वी, मालकांच्या बोलावण्यावरून आले होते.

"मी आपला ताज्या अंड्यांच्या आशेनं आलो होतो, भाऊजी," मेहुणा कुरकुरला.

"इथले पक्षी मांसासाठी आहेत. अंडी नाहीत."

"म्हणजे अडकायचं, तेही रिकाम्या हातानं!"

दुसऱ्या शेडमधील पिल्लांना उभे राहवत नव्हते. पाय फाकून ती छातीवर बसत आणि पाण्याकडे सरकण्याची धडपड अर्ध्यावर सोडून देत. पहिली शेड मात्र ठणठणीत होती.

"चोच रबरासारखी वाकते आहे," अधिकारी म्हणाले. "खाद्यात फॉस्फरस कमी पडला की असं होतं. पण दोन्ही शेडचं मिश्रण एकच. तेच खाद्य एकीला बाधतं आणि दुसरीला नाही, हे कसं मानू? मी साथच धरून चाललोय. संध्याकाळपर्यंत दुसरं कारण दाखवा, नाहीतर दोन्ही शेडमधले पक्षी मारण्याचा हुकूम माझ्याजवळ आहे."

कचेरीच्या खिडक्याही उघडायच्या नव्हत्या. त्या कोंदट खोलीत गुप्तहेराने प्रथम मालकांच्या भाचीला बोलावले. केंद्राची आहारतज्ज्ञ तीच होती.

"खाद्यातलं फॉस्फेट तुम्ही काढलंत?"

"बरंचसं. न पचलेला फॉस्फरस विष्ठेतून मागच्या तळ्यात जात होता. पाणी हिरवं पडलं होतं. प्रथिनंही बेताची केली. त्यामुळे शेडमधला डोळ्यांना झोंबणारा अमोनिया कमी झाला. धान्यात फॉस्फरस असतोच, पण कुलूपबंद. एक एन्झाइम घातलं की तो सुटतो."

"घालता कसं?"

"पहिल्या शेडला भरड जाते, तिच्यात भुकटी मिसळतो. दुसरीसाठी भरड वाफेवर तापवून गोळ्या करतात. त्या थंड झाल्या की त्यांच्यावर द्रावण फवारायचं. पाकासारखं चिकट असतं ते. ते काम धाकट्या मामांकडे." ती थांबली. "मोठे मामा मला घरी पाठवतील, त्याचं काही नाही. पण सगळी मारली, तर ती माझ्यामुळे मेली म्हणायची."

मालकांनी एवढेच सांगितले, की ती येईपर्यंत वीस वर्षे खाद्य धाकटा भाऊच ठरवत असे. "आता संशय कुणावर घेऊ? इकडे भाऊ, तिकडे भाची!"

धाकटे मामा गोळ्यांच्या यंत्रापाशी सापडले. "द्रावण मी स्वतः फवारतो. हे बघा रिकामे कॅन."

मेहुण्याने घाम पुसत आपली पांढरी टोपी फवाऱ्याच्या तोटीवर अडकवली.

"अहो, ती काय खुंटी आहे?" मामा खेकसले.

मेहुण्याने टोपी काढून फुंकर मारली. पिठासारखी धूळ उडाली आणि टोपी पूर्ववत पांढरी झाली.

यंत्राच्या जिन्याखाली मामांची हौसेची पिल्ले भरड टिपत होती.

"गोळ्यांची कोठी हाताशी, आणि भरड पलीकडच्या शेडमधून आणता?" गुप्तहेराने विचारले.

"लहान आहेत हो. गोळी गिळवत नाही त्यांना."

मेहुण्याने खिशातले शेंगदाणे टाकले. पिल्लांनी ते अख्खे गिळले. "दात माझ्यापेक्षा बरे दिसतात!"

"कोंबडीला दात नसतात," मामा तुटकपणे म्हणाले.

उन्हे कलली तेव्हा कचेरीत सहाही जण जमले. अधिकाऱ्यांनी हुकुमाचा कागद टेबलावर ठेवला होता.

"साहेब, आपलं एक गृहीतक चुकलं," गुप्तहेर म्हणाला. "मिश्रण एकच आहे, खाद्य मात्र दोन आहेत. एक कच्चं, एक वाफवलेलं. एन्झाइम हे प्रथिनच. ते वाफेत सापडलं की निकामी होतं. म्हणून गोळ्या थंड झाल्यावरच फवारायचं. पण या तोटीतून चिकट द्रावण गेलं असतं, तर धूळ तिथंच लिंपून बसली असती आणि टोपीला डाग पडला असता. धूळ कोरडी होती. कॅन तर रिकामे आहेत. द्रावण वाफेच्या आधीच ओतलं गेलं."

"चुकून ओतलं असेल, भाऊजी. माणूस आहे."

"चुकून ओतणाऱ्यानं स्वतःच्या पिल्लांनाही हाताशी असलेल्या गोळ्याच घातल्या असत्या. शेंगदाणा गिळणारं पिल्लू गोळी का गिळणार नाही? त्या गोळ्यांत काय उरलेलं नाही, हे यांना ठाऊक होतं."



"वीस वर्षं पक्षी वाढवले मी," धाकटे मामा अखेर म्हणाले. "ही आली आणि दादानं मला यंत्रावर बसवलं. पिल्लं थोडी लंगडली असती, दादानं हिला घालवलं असतं, मग मी फॉस्फेट घालून उठवली असती. साहेब येतील असं कुठं वाटलं होतं?"

"आल्यावर तरी बोलायचंस," मालक म्हणाले.

"कुलूप लागलं, दादा. मग कुठल्या तोंडानं बोलू?"

"माझ्यावर आलं तरी चाललं असतं, मामा," भाची म्हणाली. "पहिल्या शेडनं तुमचं काय घोडं मारलं होतं?"

मामांनी तिच्याकडे पाहिले नाही. ते अधिकाऱ्यांकडे वळले. "पण साहेब, उठतील ना ती?"

अधिकाऱ्यांनी कागद फाडला.

"साथ नाही. पहिल्या शेडला कोणी हात लावणार नाही. दुसरीला आजपासून फॉस्फेट द्या. निम्मी उठतील. बाकीची आता उठायची नाहीत."