उभ्या खाचांचं घर

सुरुवातीलाच सांगतो, ही रात्रीची गोष्ट नाही. सगळं दिवसाउजेडी उघडकीला आलं, आणि निम्मं तर मी स्वतः पाहिलंय. ज्यांना थापा वाटतील त्यांनी इथूनच मागे फिरावं.

घडलं ते माझ्या दाजींच्या बाबतीत. दाजी म्हणजे ताईचे यजमान. माणूस वाईट नाही, पण आपल्याशिवाय जगात कुणाला अक्कल आहे हेच त्यांना मान्य नाही. डॉक्टर लुटतात, प्लंबर फसवतात आणि सुतार तर सगळे चोर.

तिसऱ्या मजल्यावरचं ते घर त्यांनी नुकतंच भाड्याने घेतलं होतं. घरात एक विचित्र गोष्ट होती. बिजागऱ्या, कड्या, खिडक्यांच्या चौकटी... कुठेही बघा, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरची खाच अगदी सरळ उभी.

एकही तिरकी नाही.

"आधीचे भाडेकरू फिटर होते," घरमालकीणबाई म्हणाल्या. "इथेच गेले. काही बसवायचं असेल तर नीट बसवा हो. धसमुसळं काम या घरात टिकत नाही."

बाईंची पाठ वळताच दाजी फिसकन हसले. "जन्मभर खाचा जुळवत बसला! रिकामटेकडा!"

आतल्या खोलीतून आवाज आला...

च्च.

कुणी कामाची घाण केली की जाणकार माणूस जिभेने करतो ना, तसा.

आत कुणीच नव्हतं.

मग फळीचं निघालं. चिमीच्या, म्हणजे माझ्या तान्ह्या भाचीच्या पाळण्यावरच्या भिंतीला दाजींना फळी ठोकायची होती. मी म्हटलं, माणूस बोलवा. दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच चोरांचा म्होरक्या!

शेजाऱ्यांचं ड्रिल मागून आणलं. घर्रर्र करत भोकं पाडली, ती स्क्रूच्या दुप्पट झाली. अशा वेळी भोकात प्लास्टिकची गट्टी बसवतात आणि तिच्यात स्क्रू पिळतात. पोरासोरांना कळतं हे. दाजींनी काय केलं? भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबल्या. आणि पिळायचा कंटाळा म्हणून स्क्रू चक्क हातोडीने ठोकले!

च्च...

या वेळी अगदी कानामागे.

"काय गं?" दाजी ओरडले.

"मी कुठे काय बोलले?" ताई स्वयंपाकघरातून म्हणाली.

सकाळी ताई उठली तेव्हा फळी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. वरच्या पुस्तकांची चळत खाली जमिनीवर. सगळे स्क्रू एका ओळीत मांडलेले. शेजारी काड्या. भिंतीचा भुगासुद्धा कुणीतरी हाताने एका जागी गोळा केला होता.

चिमी गाढ झोपलेली.

आवाज कुणीच ऐकला नव्हता.

"तुझ्या भावाचा चावटपणा!" दाजी तडकले. मी त्या रात्री माझ्या घरी होतो, पण ऐकतो कोण? त्यांनी पुन्हा काड्या कोंबल्या, गोंद ओतला आणि पुन्हा हातोडी घेतली. "आता काढ म्हणावं!"

"अहो, निदान मी पाळणा तरी बाहेर घेते," ताई म्हणाली.

"हलवून तर बघ! माझ्या कामावर विश्वास नाही?"

पाळणा तिथेच राहिला. बापाच्या हट्टापायी लेकरू त्या फळीखाली झोपत होतं. मला अजूनही त्या माणसाची चीड येते.

त्यानंतर मात्र कुणी काही काढलं नाही. दाजींची मान आणखीच ताठ झाली.

मग रविवार उजाडला. भर दुपार. दाजी आणि मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो.

आतून आवाज आला.

च्च... च्च...

एक जाडाभरडा. आणि एक... अगदी बारीक.

ताई धावली, मीही धावलो. चिमी पाळण्यात उताणी पडून फळीकडे टक लावून बघत होती. तिला अजून 'आई' म्हणता येत नव्हतं.

तिने ओठ मुडपले.

"च्च."

ताईने झडप घालून तिला उचललं.

"घाबरट कुठली!" दाजी आत येत म्हणाले. "ही फळी पडेल? थांब, लोंबकळूनच दाखवतो!"

आणि खरंच लोंबकळले.

फळी, पुस्तकं, पाळणा, दाजी. सगळं एकदम खाली. पाळण्याच्या फळ्यांचे तुकडे झाले. चिमी ताईच्या कडेवर होती म्हणून, नाहीतर पुढचं बोलायला नको.

दाजींच्या हाताचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "हाडात ड्रिलने भोकं पाडून पट्टी स्क्रूने बसवली आहे. एकदम पक्कं काम!"

ताईच्या कडेवरच्या चिमीने डॉक्टरांकडे पाहिलंसुद्धा नाही. ती त्यांच्या खांद्यामागे कुणाकडे तरी बघत होती... मग तिने एक्स-रेकडे पाहिलं.

"च्च."

जन्मात पहिल्यांदा दाजी कुणाशी तरी हळू आवाजात बोलले.

"डॉक्टर... स्क्रूच्या खाचा... उभ्या ठेवल्यात ना?"

"खाचा?" डॉक्टर खो खो हसले. "अहो, आत कोण बघायला जातंय?"

पुढच्या एक्स-रेमध्ये एक स्क्रू निम्मा बाहेर आलेला दिसला. होतं असं कधीकधी, डॉक्टर म्हणाले. त्याच्या पुढच्या वेळी शेजारचाही आला होता. दाजी म्हणतात, दुखत नाही, फक्त आत कुणीतरी हळूहळू पिळतंय असं वाटतं.

हे लिहितोय तेव्हा स्क्रू पुन्हा बसवून घ्यायला दाजी आत ऑपरेशनच्या टेबलावर आहेत आणि मी बाहेर बाकावर. डॉक्टर या वेळी दुसरे आहेत. ते आत जाताना मी त्यांना हात जोडून खाचांचं सांगितलं.

तेही हसले.