पिनॉककाकांची करवत

"ए, मनात काय वाचतेस? मोठ्यानं वाच ना!" जेबेझ कुरकुरला.

हेस्टरनं खजिना-फेरीचा पहिला संकेत वाचला: 'नाच गेला, खळगा राहिला.' हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं! प्युरिटन या कर्मठ ख्रिस्ती पंथाच्या काळात नाच म्हणजे पाप. ज्याच्याभोवती फिती धरून नाचायचे, तो वसंतोत्सवाचा खांब तेव्हाच्या कडक धर्मगुरूनं जाळायला लावला, अशी गावात गोष्ट होती. मैदानातल्या दगडात खांबाचा गोल खळगा तेवढा उरला होता. तिघांच्या चमूतल्या ऑस्विननं पुढच्या संकेतासाठी त्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि तो अडकला. दोघांनी ओढून काढला, तेव्हा कुठे स्वारी पुढे निघाली.

हेस्टर दोन वर्षं दुसरी येत होती. यंदा पहिल्या बक्षिसाचा चॉकलेटांचा भलामोठा डबा तिला हवाच होता.

शेवटचं वळण चर्चपाशी. तिथे फेरीचे आयोजक पिनॉककाका करवत घेऊन उभे. दिशा दाखवायच्या पाट्यांना लाकूड कमी पडलं, म्हणून वर्षानुवर्षं वळचणीला टांगलेली लांबलचक शिडी त्यांनी खाली काढली होती. म्हणे, कोण वापरतंय ती!

हेस्टर पळता पळता थबकली. शिडीच्या एका बाजूचं डांबर उडालं होतं आणि खाली तिरपा लाल पट्टा दिसत होता. तोच पट्टा दुसऱ्या बाजूवर पुढे चालू! हेस्टरचे बाबा सुतार. एकच सोट उभा चिरून शिडीच्या दोन्ही बाजू करतात, हे तिनं घरी कितीदा पाहिलं होतं. पण रंगीत पट्ट्यांचा सोट शिडीला कोण घेतो?

मागून गिरणीवाल्यांची जुळी धावत आली आणि पुढे निघून गेली. जेबेझ तिला ओढू लागला. हेस्टर शिडीवरच बसली.

"काका, आधी मला कापा."

"अगं ऊठ, बक्षीस जाईल तुझं."

"जाऊ दे," ती म्हणाली आणि तो लाल पट्टा बोटानं त्यांना दाखवला.

ऑस्विन हेस्टरच्या बाबांना घेऊन आला. बाबांनी पायऱ्या ठोकून काढल्या, दोन्ही फाळी जोडून दोरानं आवळल्या. लाल पट्टा खालपासून वरपर्यंत गोल फिरत गेला! सगळ्यांनी मिळून खांब मैदानात नेला. खळग्यात तो अगदी फिट्ट बसला.

"जाळला म्हणून सांगितलं, आणि त्या धर्मगुरूच्याच चर्चच्या वळचणीला शिडी करून टांगला!" बाबा पोट धरून हसले. "काय बेरकी माणसं होती आपली."

संध्याकाळी खांबाला फिती लागल्या. पहिली फीत हेस्टरच्या हातात देताना पिनॉककाका म्हणाले, "दरवर्षी लोकांना खजिना शोधायला लावतो, आणि आज मीच तो कापत होतो. शाबास पोरी, बसलीस म्हणून वाचला."

जुळ्यांनी डबा जिंकला होता, तो त्यांनी सगळ्यांपुढे फिरवला. हेस्टरला दोन चॉकलेटं मिळाली. त्यातलं एक तिनं काकांना दिलं.