बुडख्यावरचा परका शेंडा

संशोधन केंद्रातली चिनात्सु तिच्या प्रयोगाच्या प्लॉटवर सापडली तेव्हा तिचे फक्त बूट दिसत होते. बाकीची ती आडव्या पडलेल्या देवदाराखाली होती.

झाड करवतीनं कापलेलं. बुडख्याच्या मधोमध एक हिरवा शेंडा खोचलेला.

इन्स्पेक्टर इवाकिरी ही लाकूडतोड्याची लेक. शेंडा पाहून तिची मान आपोआप झुकली. पाडलेल्या झाडाचाच शेंडा त्याच्या बुडख्यावर खोचायचा, डोंगराचं डोंगराला परत द्यायचं. लाकूडतोड्यांची ही जुनी रीत या खोऱ्यात आता एकटा नासु म्हातारा पाळतो. तिथं पडलेली करवतही त्याचीच होती.

"अपघात कसला, बाई?" हवालदार म्हणाला. "मेलेली पोरगी उठून शेंडा खोचते होय? आणू म्हाताऱ्याला?"

"आण."

चौकीत नासु बाकाच्या टोकावर बसला.

"परवा चिनात्सुशी भांडलात?"

"भांडलो. गाव ऐकत होतं."

"कशावरून?"

"हातोडी ठोकून खोडातून आवाज किती वेगानं जातो ते मोजायची ती. म्हणाली, आजोबा, देवदाराचा तीन नंबरचा वाण भराभर वाढतो, पण लाकूड पोचट आहे. अहो, सोगाबे सरांच्या शब्दावर डोंगरभर तोच लावलाय मी! उभा जन्म गेला त्यात. म्हटलं, थोबाड फोडीन."

"आणि फोडलंत?"

म्हातारा रडू लागला. "लेकीसारखी होती हो."

नंतर सोगाबे आले. संशोधन केंद्राचे प्रमुख, तीन नंबर त्यांनीच निवडलेला.

"सर, काल दुपारी कुठे होता?"

"केंद्राच्या बागेत. एकवीस नंबरच्या फांद्या कलमांसाठी काढत होतो. नवा वाण आहे, बाहेर कुणाला दिलेला नाही. बागेची किल्ली माझ्याकडेच असते. तिथून पिशवी घेऊन थेट घरी."

"चिनात्सुच्या प्लॉटवर?"

"पाऊलही टाकलं नाही." त्यांनी चष्मा पुसला. "म्हाताऱ्याला फार छळू नका. अडाणी माणूस, डोकं फिरलं असेल."

इवाकिरी पुन्हा प्लॉटवर गेली. पाडलेल्या झाडाच्या सुया लांब, पसरट. शेंड्याच्या आखूड, आत वळलेल्या. तिनं वर पाहिलं. सगळी झाडं उंचापर्यंत छाटलेली, हाताला एक फांदी लागेना.

दोन्हींचे तुकडे तिनं शहरात तपासायला पाठवले. उत्तर आलं तेव्हा दोघांनाही चौकीत बोलावलं.

"एका आईची कलमं म्हणजे जुळी भावंडं," ती म्हणाली. "वाढ तीच, लाकूड तेच, सुईचं वळणही तेच. सर, हे तुम्हीच गावाला शिकवलंत. बुडख्यावरचा शेंडा एकवीस नंबरचा निघाला."

सोगाबेंचा हात चष्म्याकडे गेला.

"चिनात्सुचे आकडे बाहेर आले असते तर तीन नंबर बुडाला असता, आणि तुम्हीही. तिच्याच हातोडीनं तिला मागून पाडलंत. जखमेत हातोडीच्या मुठीची कुसळं मिळाली. मग आजोबांच्या खोपटातली करवत काढून झाड तिच्या अंगावर पाडलंत. खून आजोबांच्या गळ्यात घालायला शेंडा हवा होता. पण खरा शेंडा तिच्या अंगावर, रक्तात. तिथं हात घालवेना, म्हणून पिशवीतली फांदी खोचलीत."

"एक फांदी!" सोगाबे फिस्कारले. "पोलिसांना सुया कधीपासून कळायला लागल्या?"

"माझ्या बापानं बोटं तोडून दिली असती, पण परका शेंडा खोचला नसता. आजोबांनीही नाही. तुमच्या लेखी तो नुसता देखावा होता."

हवालदारानं बेड्या घातल्या. नासु उठला, टोपी छातीशी धरून दारापर्यंत गेला आणि थबकला.

"बाई, मग पोरीचं मोजमाप?"

इवाकिरीला खोटं बोलावंसं वाटलं. पण त्या मोजमापासाठी एक पोर जिवानिशी गेली होती.

"बरोबर होतं, आजोबा. मी दुसरीकडूनही तपासून घेतलं."

"म्हणजे सगळा डोंगर पोचट?"

"सगळाच. कलमं आहेत ना ती."

म्हातारा परत आला आणि त्याच बाकाच्या टोकावर बसला.

"त्यापेक्षा मलाच आत टाकायचं होतंत," तो म्हणाला.