एका सेकंदाचा बकरा

फिल्मचा डबा अल्फियाच्या हातातून निसटला तो नेमका बहरीनच्या बाजारात, बाब अल बहरीन या जुन्या वेशीमागच्या बोळात. झाकण एकीकडे, रीळ दुसरीकडे... आणि रीळ काही थांबेना. कापडवाल्यापुढून, सोनाराच्या दारावरून, मागे काळी फिल्म सोडत ते निघालं फिरायला.

"अहो, पकडा ना कुणीतरी!"

पकडलं एका उंच तरुणाने. पण आधी त्याच्या अंगाला फिल्मचे चार वेढे बसले, मग तो हातगाडीवर आदळला, आणि मग हातगाडी फिल्मवरून गेली.

"खलास," तो म्हणाला. "म्हणजे... थोडीशीच खलास."

हा अझहर, बाणकोटचा. समोरच त्याचं पाट्या रंगवायचं दुकान. तिथे बसून दोघांनी फिल्म गुंडाळली. त्याने ती ट्यूबलाइटपुढे धरली.

"हा बकरा शिपायाची चड्डी खातोय?"

"सात मिनिटं तेच करतो. फार जुनं कार्टून आहे. एकेक चित्र हातानं काढलेलं."

"आणि हे घेऊन पळत कुठे होता तुम्ही?"

तिने हळूच सांगितलं. तिचे अब्बा, कमाल, इथल्या एका क्लबात तीस वर्षं प्रोजेक्टर चालवायचे. हा बकरा बघून अम्मीला हसता हसता उचकी लागायची. अम्मी जाऊन आठ महिने झाले, तेव्हापासून अब्बा एक शब्द बोलले नव्हते. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी दोघं कायमची गुहागरला निघणार होती.

"जायच्या आधी हे दाखवून एकदा तरी... त्यांचा आवाज ऐकायचाय मला."

अझहरने फाटका तुकडा मोजला. जेमतेम वीतभर. "चोवीस चित्रं. पडद्यावर एक सेकंद. कोऱ्या पट्टीवर मी काढून देतो."

"तुम्ही? तुमच्या त्या पाटीवरचा मासा मला चप्पल वाटला."

"चप्पलच आहे ती. चपलांचं दुकान आहे त्यांचं."

चार संध्याकाळी ती 'झालं का?' विचारायला आली. येताना चहा आणायची. तो भिंगाखाली डोकं घालून बसलेला, नाकाला शाई. दोनदा ब्रश चहात बुडवला, एकदा शाईच प्यायला निघाला. ती वाकून बघायला गेली की तळहाताने पट्टी झाकायचा.

"ओलं आहे अजून..."

त्याचे कानही लाल व्हायचे. तिने ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

शुक्रवारी दुपारी अल्फियाने घरातले पडदे ओढले, अब्बांचा जुना प्रोजेक्टर मांडला; अझहरने भिंतीवर चादर लावली. फिल्म सुरू झाली. शिपाई धावला, आपटला, बकऱ्याने चड्डी खाल्ली. अब्बांचा चेहरा तसाच. अल्फियाचं पडद्याकडे लक्षच नव्हतं, ती त्या चेहऱ्याकडेच बघत होती. शेवटी बकरा छपराच्या कडेवरून हवेत चालत गेला — काहीतरी फडफडलं — आणि विहिरीत पडला. संपलं.

कुणी हसलं नाही.

अब्बा उठले. प्रोजेक्टरपाशी गेले.

"परत लाव."

तिने तोंडावर हात दाबला. अब्बांना मात्र धीर नव्हता. स्वतःच फिल्म ओढून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली.

"बकरा बटाट्यासारखा झालाय," ते म्हणाले. आवाज गंजल्यासारखा. "त्याच्या हातातली पाटी मात्र साफ वाचता येते. 'अल्फिया, जाऊ नको.'"

अझहर जमिनीकडे बघत राहिला. "एका सेकंदात कुणाला दिसणार नाही असं वाटलं, चाचा."

"मग काढलीस कशाला?"

"तोंडाने... बोलवत नव्हतं."

अब्बांनी फिल्म खाली ठेवली. "मलाही बोलवत नव्हतं," ते म्हणाले. मग फोनसाठी खिसे चाचपत अझहरला म्हणाले, "तुझ्या अम्मीचा नंबर दे."

"आणि मला कुणी विचारायचं?" अल्फियाने ओढणीने डोळे पुसले.

अझहर वळला. "थांबशील?"

"नाही. अब्बांना एकटं नाही सोडणार मी. गुरुवारी जाणारच."

त्याने मान खाली घातली.

"पण गुहागर काही चंद्रावर नाही," ती म्हणाली. "येशील?"

"इंशाल्ला."

"इंशाल्ला म्हण, पण आधी तारीख सांग."

त्याने सांगितली.