गाडीला लावलेला भंडारा

"आबा, त्या भंडाऱ्याचं नाव नका काढू माझ्यापुढं!" हातातलं ताट तसंच ठेवून छकुली परसात निघून गेली.

तिचे आजोबा, म्हस्कूआबा, बघतच राहिले. देवाच्या हळदीनं कुणाचं वाईट होतं, हे त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. "आरं, मेंढरास्नी लावत हुतो, नव्या ट्रॅक्टरला लावतो... मग तिच्या त्या गाडीला लावला तर काय बिघडलं?" त्यांनी नागेशला विचारलं. भंडारा लावणारा हात त्याचाच होता!

नागेश छकुलीचा थोरला भाऊ. ती इंजिनिअर व्हावी म्हणून त्यानं स्वतःचा डिप्लोमा अर्ध्यावर सोडला आणि अंथुर्णे गावातच ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज टाकलं. "माजं मन लागत न्हाय पुस्तकात," असं त्यानं घरात सांगितलं आणि घरानं ते खरं मानलं... किती सहज मानलं! पुढं छकुली शिकली, बारामतीच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून कोइमतूरच्या एका रेसिंग टीममध्ये गेली. ती गाडी चालवत नव्हती की पाना धरत नव्हती. धावत्या गाडीचे आकडे पडद्यावर वाचून टायर कधी बदलायचे ते चालकाला सांगायची. याला नोकरी का म्हणायचं, हे सारजाला, तिच्या आईला, अजूनही उमगलं नव्हतं.

पहिल्या मोठ्या शर्यतीला तिनं दादाला हौसेनं बोलावलं. "पात्रता फेरी झाली की गाडी दोरीच्या आत उभी करतात. मग शर्यतीपर्यंत तिला कुणीबी शिवायचं न्हाय हं, दादा," असं दोनदा बजावलं. आणि तरीही नागेश दोरीखालून आत गेला, चाकाखाली लिंबू ठेवलं, गाडीच्या नाकावर भंडाऱ्याची बोटं ओढली! तक्रार झाली, तिसऱ्या जागेवरून सुटणारी गाडी शिक्षा म्हणून सगळ्यांच्या मागं गेली. चौकशीत छकुली पुढं झाली. "मीच लावला," ती म्हणाली. नागेश पिवळी बोटं खिशात घालून मुकाट उभा राहिला... आणि दुसऱ्या दिवशी नीट कारणही न सांगता तिला टीममधून काढून टाकलं.

तेव्हापासून त्याच्या अंतःकरणात नुसता कालवा माजला होता. आपण विसरलो होतो का? की सारं आठवत होतं? तिच्या मायेनं व्याकुळ होऊन आपण आत शिरलो, की चालकाशी बोलायचं यंत्र कानाला लावून ऐटीत उभी असलेली ती बहीण बघून कुठंतरी असूया जागी झाली होती? तिथं मी उभा असतो, असं क्षणभर मनात आलं होतंच ना! त्याला काही म्हणता काही उलगडेना.

शेवटी न राहवून तो गॅरेजमागं गेला आणि त्यानं टीमच्या मॅनेजरला फोन लावला. मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं कबूल केलं.

"ठाऊक आहे," मॅनेजर शांतपणे म्हणाले. "कॅमेऱ्यात तुम्हीच दिसलात. पाहुण्याची चूक आम्ही पोटात घातली असती. पण ती आमच्यासमोर खोटं बोलली. चालक तिच्या शब्दाच्या भरवशावर दोनशेच्या वेगानं गाडी पळवतो... तिला कसं ठेवणार, सांगा?"

नागेशनं फोन बंद केला. भावाला वाचवायला गेली आणि तेवढ्यानंच बुडाली! वळून बघतो, तर छकुली मागं उभी होती.

"कुणाशी बोलत होतास? टीमशी? काय म्हणाले ते?" तिनं विचारलं. "दादा, माझ्या कामातच काय खोट होती का रे? खरं सांग..."

खरं सांग! नागेशनं तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडं पाहिलं. सांगितलं, तर भावावरची माया हीच आपली चूक होती, असं ही पोर जन्मभर धरून बसेल.

"त्यो भंडाराच नडला, म्हणाले. माज्यामुळंच गेली तुजी नोकरी. तुजं काम एक नंबर हुतं."

छकुली त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. "मी रागावले न्हाय रे तुझ्यावर... रागवावं की न्हाय तेच कळत नव्हतं!" मग डोळे पुसत तिनं विचारलं, "दुसऱ्या टीमला अर्ज करू?"

"आजच कर," तो म्हणाला. "पर एक ध्यानात ठेव, बाय. पुन्यांदा माज्यासाठी खोटं बोलायचं न्हाय."

"का रे?"

"मला न्हाय आवडत," नागेश म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं.